पहिली गोळी कोणी झाडली, हा प्रश्न क्षुल्लक नाही

'स्टार वॉर्स'मधल्या हॅन सोलो या तस्कराने पहिली गोळी झाडली की त्याला पकडायला आलेल्या, समोर बसलेल्या ग्रीडोने, यावर गेली जवळजवळ तीस वर्षे वाद चालू आहे, आणि ज्यांना या चित्रपटांशी काही देणेघेणे नाही त्यांना तो निव्वळ रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. मला तसे वाटत नाही. जुन्या विज्ञानपटांत नंतर केलेल्या फेरफारांवरून चाहते जे भांडतात, त्यामागे एक साधी आणि माझ्या मते रास्त मागणी आहे. चित्रपट ज्या रूपात पहिल्यांदा लोकांसमोर आला, ते रूप कोणालाही, केव्हाही पाहता आले पाहिजे. नवी आवृत्ती सरस की निरस, हा त्यानंतरचा प्रश्न.

हे मी बालपणीच्या आठवणींच्या मायेपोटी लिहीत नाही, हे आधीच सांगतो. मी 'स्टार वॉर्स' पहिल्यांदा पाहिला तोच मुळी बदललेल्या आवृत्तीत. आपल्यासमोर आहे ते सगळे १९७७ सालचे नाही, त्यात वीस वर्षांनंतर संगणकावर तयार केलेले प्राणी आणि दृश्ये मिसळलेली आहेत, याची मला कल्पनाही नव्हती. मूळ चित्रपट बऱ्याच उशिरा पाहायला मिळाला आणि तेव्हा लक्षात आले की, इतकी वर्षे मी ज्याला हॅन सोलो समजत होतो, तो माणूस वेगळाच होता.

ते दृश्य नीट पाहण्यासारखे आहे. हॅन एका गुत्त्यात कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला आहे. ग्रीडो पिस्तूल रोखून त्याच्यासमोर बसतो. हॅन मागे रेलतो, एका हाताने भिंतीशी उगाच चाळा करत राहतो आणि दुसऱ्या हाताने टेबलाखाली, अगदी सावकाश, आपले पिस्तूल म्यानातून मोकळे करतो. बोलणे चालूच असते. मग एकदम स्फोट, धूर, आणि ग्रीडो टेबलावर कोसळतो. हॅन उठतो, घाण झाल्याबद्दल गुत्तेवाल्याकडे दिलगिरी व्यक्त करत एक नाणे त्याच्याकडे भिरकावतो आणि निघून जातो. ग्रीडोला गोळी झाडण्याची संधीच मिळत नाही. हा माणूस स्वतःच्या कातडीपलीकडे कोणाचा विचार करत नाही, हे प्रेक्षकाला त्या एका मिनिटात कळते, आणि म्हणूनच शेवटच्या लढाईत तो पाठीमागून अचानक मदतीला येतो तेव्हा अंगावर काटा येतो. १९९७ च्या आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. २००४ मध्ये दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच क्षणी सुटतात आणि हॅनची मान संगणकाच्या साहाय्याने किंचित बाजूला सरकवली जाते. २०१९ मध्ये तर ग्रीडोच्या तोंडी 'मॅक्लंकी' असा एक नवाच शब्द येतो. एकाच क्षणाची इतक्या वेळा डागडुजी करावी लागते, याचा अर्थ पहिल्या बदलाने समाधान झाले नव्हते, एवढाच मला लागतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की, चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचा आहे आणि त्यांना हवे ते करण्याचा त्यांना हक्क आहे. बदल करण्याचा हक्क मला मान्य आहे. पैसा, वेळ आणि तंत्र अपुरे पडल्यामुळे मनातले सगळे पडद्यावर आले नाही, ही कलावंताची खंत खरी असते आणि तिची थट्टा करणे मला आवडत नाही. परंतु 'दिग्दर्शकाचा हेतू' हा शब्द आपण जितक्या सहजपणे वापरतो तितका तो सरळ नाही. कोणत्या वर्षीचा हेतू? १९७७ साली लुकास तेहतीस वर्षांचे होते आणि १९९७ साली बावन्न. बावन्न वर्षांच्या माणसाला तेहतिसाव्या वर्षीचा आपला हॅन फार निर्दय वाटला असेल, तर ते त्याचे प्रामाणिक मत आहे. पण ते त्या तरुणाच्या मतापेक्षा आपोआप अधिक अस्सल ठरत नाही.

शिवाय चित्रपट एका माणसाच्या हातून घडत नाही. 'स्टार वॉर्स'च्या संकलनाला ऑस्कर मिळाले ते पॉल हर्श, मार्शा लुकास आणि रिचर्ड च्यू या तिघांना. दृश्य परिणामांसाठीच्या ऑस्करवर जॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नावे होती. संगणकाच्या नियंत्रणाखाली कॅमेऱ्याची तीच हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत करता यावी, म्हणून या मंडळींनी यंत्रणाच नव्याने उभारली. यानाची प्रतिकृती जागीच स्थिर ठेवायची, कॅमेरा तिच्याभोवती फिरवायचा आणि वेगवेगळ्या फेऱ्यांत टिपलेली चित्रे एकावर एक बसवायची. त्या चित्रणाच्या जागी नवे संगणकीय यान आले की, ज्या कामाला ऑस्कर मिळाले तेच काम प्रेक्षकाला दिसेनासे होते. याचे मला हॅनच्या गोळीइतकेच वाईट वाटते, किंबहुना थोडे अधिकच, कारण त्या कारागिरांच्या बाजूने भांडणारे फारसे कोणी नसते.

याच लुकास यांनी १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्यासारख्या फेरफारांना कडाडून विरोध केला होता, आणि कलाकृती अखेरीस अमेरिकी जनतेच्या असतात, अशी भूमिका मांडली होती. त्यांचा रोख दुसऱ्याच्या कलाकृतीत ढवळाढवळ करणाऱ्या मालकांवर होता, हे मला ठाऊक आहे. तरीही कलाकृती जनतेची असेल, तर ती जनतेपासून दडवण्याचा हक्क तिच्या कर्त्यालाही कसा असू शकतो, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

आता माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणणारे उदाहरण घेतो. 'ब्लेड रनर' १९८२ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्यात निर्मात्यांच्या आग्रहाखातर हॅरिसन फोर्डच्या आवाजातले निवेदन होते आणि शेवटी एक गोड प्रवासदृश्य जोडलेले होते, ज्यात स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी चित्रित केलेले आणि वापरात न आलेले आकाशातून टिपलेले तुकडे होते. १९९२ च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट काढून टाकण्यात आला. २००७ मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी आपली अंतिम आवृत्ती सिद्ध केली. रॉय बॅटी हा कृत्रिम मानव पावसात बसून शेवटचे बोलतो, त्याची मान झुकते आणि हातातले कबुतर उडते, तो क्षण पाहा. १९८२ च्या प्रतीत त्यानंतर डेकार्डचा, म्हणजे फोर्डने साकारलेल्या नायकाचा, आवाज बॅटीने आपला जीव का वाचवला असावा हे आपल्याला समजावून सांगतो; नंतरच्या आवृत्त्यांत फक्त पाऊस आणि डेकार्डचा चेहरा. इथे बदललेली आवृत्तीच सरस आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मूळ प्रतीत ते कबुतर मुसळधार पावसातून थेट निरभ्र आकाशात शिरते, तेही २००७ मध्ये दुरुस्त झाले, आणि ही दुरुस्ती मला मनापासून आवडते.

मग मी मूळ प्रतीचा आग्रह का धरतो? कारण ती दुरुस्ती आहे हे मला कळले, ते दोन्ही प्रती पाहता आल्यामुळेच. २००७ साली 'ब्लेड रनर'च्या पाच आवृत्त्या एकाच संचात विक्रीला आल्या. कोणाला निवेदनासकटचा चित्रपट आवडत असेल, आणि तसे रसिक मला भेटलेले आहेत, तर त्याने तो खुशाल पाहावा. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'च्याही १९७७, १९८० आणि १९९८ अशा तिन्ही आवृत्त्या एकत्र मिळू शकल्या. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २००२ साली 'ई.टी.'मधल्या सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुकांच्या जागी वॉकीटॉकी दिले, पुढे ते करायला नको होते असे जाहीरपणे सांगितले, आणि २०१२ च्या ब्लू-रेवर १९८२ चाच चित्रपट आणला. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्यामुळे वाढला.

'मूळ' म्हणजे तरी नेमके कोणते, असे कोणी विचारले तर तो प्रश्न मी उडवून लावणार नाही. कुब्रिक यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी' १९६८ च्या पहिल्या खेळांनंतर सुमारे १९ मिनिटांनी कमी केला. 'स्टार वॉर्स'चे १९७७ मध्येच स्टिरिओ आणि मोनो असे वेगवेगळे ध्वनिमिश्रण होते व त्यांतले काही संवाद जुळत नाहीत. त्याच्या सुरुवातीची 'एपिसोड ४: अ न्यू होप' ही अक्षरे तर पडद्यावर १९८१ मध्ये आली. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना हे नवे नाही. पाठभेद असतात, काही भाग प्रक्षिप्त असतो, पण म्हणून कोणी जुनी हस्तलिखिते जाळत नाही.

चाहत्यांचा खरा राग तिथे आहे. 'स्टार वॉर्स'च्या मूळ तीन चित्रपटांच्या बदल न केलेल्या प्रती २००६ मध्ये डीव्हीडीवर आल्या खऱ्या, पण दुय्यम सामग्री म्हणून, आणि त्याही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून. नव्या आवृत्तीला मिळालेली काळजी त्यांच्या वाट्याला आली नाही. शेवटी काही चाहत्यांनी जुन्या ३५ मिलिमीटर प्रिंट मिळवल्या, स्कॅन केल्या आणि स्वतःच्या फावल्या वेळात त्या साफ केल्या. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य नसेल, पण जे काम मालकाने करायला हवे होते ते त्यांनी केले, असेच मी म्हणेन.

मूळ प्रत हरवली की काय होते, हे 'मेट्रोपोलिस'ने दाखवून दिले आहे. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झालेला हा चित्रपट लगेचच कापला गेला, आणि २००८ साली ब्युनॉस आयर्समध्ये १६ मिलिमीटरची प्रत सापडेपर्यंत त्याचा मोठा भाग कायमचा गेला असेच सर्वांनी गृहीत धरले होते. २०१० मध्ये ती दृश्ये जोडून चित्रपट पुन्हा दाखवला गेला. नव्याने आलेल्या भागावर उभ्या ओरखड्यांचा इतका दाट पडदा आहे की माणसे पावसाआडून दिसावीत तशी दिसतात. मी ती दृश्ये डोळे न मिटता पाहिली.

राहून राहून मला मूळ तिघांपैकी शेवटच्या, 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा शेवट आठवतो. १९८३ साली डार्थ व्हेडरच्या मुखवट्याआडचा, आपल्या मुलाकडे, म्हणजे नायक ल्यूककडे, शेवटचे पाहणारा म्हातारा बाप सेबास्टियन शॉ यांनी उभा केला होता, आणि अखेरच्या रात्री आत्मारूपाने परतणारा बापही त्यांचाच होता. २००४ मध्ये त्या आत्म्याच्या जागी तरुण हेडन क्रिस्टेन्सन आला. शॉ १९९४ मध्येच वारले होते. ल्यूकने आयुष्यात आपल्या बापाचा चेहरा एकदाच, काही क्षणांपुरता पाहिलेला आहे, आणि तो शॉ यांचा आहे. शेकोटीपासून थोडा दूर उभा राहून तो अंधारात ज्याच्याकडे पाहून हसतो, तो चेहरा आजच्या आवृत्तीत त्याने पूर्वी कधीच पाहिलेला नाही.