तक्ता वाचला म्हणजे नीट दिसतं?

'डोळे तपासले, नंबर नाही, एमआरआय स्वच्छ. तरी नीट दिसत नाही म्हणतोय? मनाचे खेळ. प्रतिकारशक्ती वाढवा.' सध्या फिरणाऱ्या या फॉरवर्डमध्ये चार गोष्टी कोंबल्यात. त्यातल्या साडेतीन चुकीच्या.

आधी डोळे. भिंतीवरचा तक्ता बारीक अक्षर ओळखता येतं का, एवढंच सांगतो. दिसलेल्याची जुळणी मेंदू करतो. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली, की 1909 मध्ये हंगेरीचे डॉक्टर रेझ्यो बालिंत यांनी वर्णन केलेला प्रकार होऊ शकतो. अशा माणसापुढे कंगवा आणि पेन्सिल एकत्र धरा. कंगवा दिसतो. पेन्सिल? 'कुठाय?' थोड्या वेळाने पेन्सिल सापडते, तोवर कंगवा गायब. उचलायला गेला तर हात भलतीकडेच पडतो. तक्त्यावरचं एकेक अक्षर मात्र तो वाचू शकतो. याचं कारण बहुधा पक्षाघात किंवा अल्झायमर. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, ल्युपस अशा स्वप्रतिकार आजारांतही, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांतही, तो क्वचित आढळलाय.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये डोळ्याची नस सुजून बरी झाली, तक्ताही पूर्ण वाचता आला, तरी त्या डोळ्याचा संदेश मेंदूत काही मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो. मग सरळ डावी-उजवीकडे झुलणारा लंबक लंबगोल फिरताना दिसतो. काहींची नजर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर धूसर होते आणि अंग निवलं की पूर्ववत. श्रमानंतर असंच होतं, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उहथॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवलंय. 'येतं-जातं म्हणजे मानसिकच' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मायलिन (नसेच्या तंतूवरचं आवरण) झडलेल्या तंतूतून जाणारा संदेश उष्णतेने अडखळतो.

एमआरआय स्वच्छ असण्याचंही तेच. नसलेलं दिसायला लावणाऱ्या अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसमध्ये (प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने मेंदूला येणारी सूज) निम्म्याहून अधिक रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मल येतो. खात्री होते ती पाठीतून काढलेल्या पाण्यातल्या अँटिबॉडीवरून.

प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सल्ला तर उलटाच. या स्वप्रतिकार आजारांत तीच अंगावर आलेली असते. स्टेरॉइड, प्लाझ्मा बदलणं, रिटुक्सिमॅब नावाचं औषध, हे सगळे उपाय तिला आवरण्याचे.

उरलं अर्धं खरं. मेंदू-डोळ्यांत इजा नसताना नजर जाते, असंही घडतं. पण ते 'काही सापडलं नाही' म्हणून ठरवत नाहीत. डोळ्यांसमोर मोठा आरसा हळूहळू तिरका करतात. बुबुळं त्यामागे सरकली, तर प्रतिमा आत पोहोचतेय. आणि तरीही तो माणूस सोंग करतोय, असं त्यातून सिद्ध होत नाही.