डावा की उजवा?

आमची आठ-बाराची फास्ट डोंबिवलीत शिरते ती कल्याणहूनच भरून. आमच्यातले धोरणी लोक आधी उलटे कल्याणला जातात आणि त्याच गाडीने आरामात बसून परत येतात. मी धोरणी नाही, मला सकाळची वीस मिनिटं झोप प्यारी आहे. त्यामुळे माझ्या नशिबी चौथी सीट, तीही मिळाली तर.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो. बाक रेल्वेने तिघांसाठी केलाय, चौथा मुंबईकरांनी बसवला. त्याचा एक कुल्ला बाकावर आणि दुसरा अधांतरी असतो, आणि गाडीने ब्रेक मारला की पहिलाही. ‘जरा सरका’ म्हणायला आम्हाला लाज वाटत नाही, कारण तो हक्क आहे. पण ‘तुम्ही उठा, मी बसतो’ असं धडधाकट माणसाने धडधाकट माणसाला म्हटल्याचं मी सव्वीस वर्षांत ऐकलेलं नाही.

एका रात्री जेवताना मी माकडहाडाची कैफियत मांडली. आमची कन्या मानसशास्त्र घेऊन बी.ए. करतेय, त्यामुळे घरात हल्ली साधी तक्रार करायची सोय राहिलेली नाही. म्हणाली, “बाबा, तुला माहितीये, डब्यात एकूण किती गर्दी आहे त्याने तेवढा ताण येत नाही. अगदी खेटून कोण बसलंय त्याने येतो.” २००७ साली अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला ट्रेनने जाणाऱ्यांची लाळ तपासून हे दाखवलं म्हणे. लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं रसायन, सापडतं. चौथ्या सीटवरची माझी लाळ दिली असती तर त्यांचं यंत्रच बंद पडलं असतं.

“मग तू पूर्ण सीट माग ना. नुसती माग. कारण सांगू नकोस.”

आणि तिने मिलग्रॅमची गोष्ट काढली. स्टॅन्ली मिलग्रॅम म्हणजे १९६०च्या दशकात माणसं हुकमावरून अनोळखी माणसाला विजेचे झटके द्यायला कशी तयार होतात, हे दाखवणारा. (झटके खोटे होते, देणाऱ्यांना मात्र खरे वाटत होते.) त्याच्या सासूने म्हणे विचारलं, हल्लीची पोरं म्हाताऱ्या बाईला गाडीत जागा का देत नाहीत? सासूच्या प्रश्नावर जावयाने संशोधन काढावं, हे आमच्याकडे व्हायचं नाही. १९७०च्या दशकात त्याने आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या सबवेत पाठवलं: काहीही कारण न देता सीट मागायची. छप्पन्न टक्के लोक चक्क उठले. बारा टक्के नुसते सरकले, म्हणजे चौथी सीट तिथेही निघाली! ‘पुस्तक वाचायचंय’ असलं फुटकळ कारण सांगितलं, तेव्हा मात्र जेमतेम बेचाळीस टक्क्यांना जागा मिळाली.

पण खरी गंमत मागणाऱ्यांची. एकाने वीस जणांना विचारायचं ठरवलं आणि चौदावर हात टेकले. मग मिलग्रॅम स्वतः गेला, तर शब्द घशातच अडकले. आणि जागा मिळाल्यावर त्या मागणीला काहीतरी आधार हवा म्हणून त्याचं डोकं आपोआप गुडघ्यांकडे झुकलं, चेहरा पांढरा पडल्यासारखा वाटला.

मी हसलो. सोमवारी हसू जिरलं.

हेडफोन लावलेला एक विशीतला पोरगा हेरून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तोंड कोरडं, छातीत धडधड. हे सगळं अ‍ॅड्रेनलिनचं काम. बोरिवलीच्या जंगलातला बिबट्या आणि मोबाइलवर क्रिकेट बघणारा पोरगा यांतला फरक त्या रसायनाला कळत नसावा. दिवा गेलं. मुंब्रा गेलं. कळव्याला मी कसाबसा म्हणालो, “बाळा, मला बसायला देतोस?”

त्याने एक हेडफोन काढला. “काय, काका?”

आता परत म्हणायचं! मिलग्रॅमच्या पोरांना हे सांगितलं होतं की नाही कोण जाणे. माझा हात आपोआप खाली गेला आणि तोंडातून निघालं, “गुडघा रे...” पोरगा ताडकन उठला. एक पाऊल टाकायचं होतं, तेही मी लंगडत टाकलं.

“कुठला?” खिडकीवाले काका.

“डावा,” मी.

अकरा वर्षं हे चौघे माझ्यासमोर बसतात. आजवर एकाने मान हलवली नव्हती. त्या दिवशी घाटकोपर यायच्या आत मला निर्गुंडीचा पाला, भिजवलेली मेथी, ठाण्यातला एक डॉक्टर आणि त्या डॉक्टरकडे मुळीच न जाण्याचा सल्ला, एवढं सगळं मिळालं. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांना चित्रांच्या आवडीवरून दोन गटांत टाकलं, तर तेवढ्यावर पोरं आपल्या गटाला जास्त पैसे द्यायला लागली. इथे चित्रं नव्हती, सांधे होते. खिडकीवाल्यांना दोन्ही गुडघे, बँकवाल्यांना कंबर, डबेवाल्या भाऊंना मान. मी गटात आलो.

तेव्हापासून कल्याणहून माझ्यासाठी रुमाल टाकला जातो. परवा एक खरोखर काठी टेकणारे आजोबा त्यावर बसायला गेले, तर बँकवाले म्हणाले, “तिथे आमचे गुडघेवाले बसतात.” मी आजोबांना बसवलं आणि दादरपर्यंत उभा राहिलो. त्यावरून डब्यात माझं इतकं कौतुक झालं की आता सुधारलो असं सांगायची सोयच उरली नाही. प्लॅटफॉर्मवर लंगडतो, जिन्यावर लंगडतो, ऑफिसच्या गेटपाशी नॉर्मल होतो.

“कारण का सांगितलंस?” कन्या वैतागली. “सगळं वाया घालवलंस.”

काल पाऊस होता. दादरला घाईत उतरताना मागून खिडकीवाल्यांचा आवाज आला, “अहो, डावा होता ना?”

मी खाली पाहिलं. लंगडत होता तो उजवा.

“आता उजव्यात उतरलंय,” मी म्हणालो.

“उतरणारच,” बँकवाले आतून ओरडले, “भार येतो ना!”

आज त्यांनी माझ्यासाठी नी-कॅप आणल्या आहेत. दोन.