फी माफ झाली, पण संध्याकाळचे काय?

मुलींच्या शिक्षणातून समता येते आणि समतेतून टिकाऊ शांतता, हे एका लेखात वाचलेले प्रतिपादन मला पटते. मात्र पटावर मुलींची संख्या वाढली की काम झाले, असे जे त्या लेखात गृहीत धरले आहे, ते मान्य करणे कठीण आहे. पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली आणि पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातल्या निबंधातून मांग-महारांच्या दुःखाबद्दल थेट जाब विचारला. शिक्षणाकडून मला हीच अपेक्षा आहे. (शांततेच्या नावाखाली मुलींना गप्प बसवण्याची आपली सवय जुनी आहे.)

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची मुलगी बारावीत आहे. आई कणीक मळत असते, तेव्हा ती ओट्याच्या कडेला वही टेकवून गणिते सोडवते. घरी गेल्यावर भांडी तिच्याच वाट्याला येतात, आणि दहावीतला भाऊ क्लासहून येऊन सरळ ताटावर बसतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, हे उत्तमच झाले. पण तिचे संध्याकाळचे दोन तास शासन निर्णयाने परत मिळणार नाहीत, त्यासाठी भावालाच भांड्यांपाशी बसावे लागेल.