विहीर बरी की टँक?

पारा पंचेचाळीसवर गेला की आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच चालत नाही. परवा पिंट्यानं सांगितलं, पोराला पोहायला टँकवर घातलंय, महिन्याची फी भरून. झालं, नाना पेटले.

"फी भरून पोहणं? मले बापानं पाठीला डबा बांधून विहिरीत लोटलं होतं भो! चौथ्या दिवशी सूर मारत होतो."

"वर कोमट, खाली बर्फ. पायात गोळा आला तर धराल काय, नाना?"

"आणि तुझ्या टँकचा तो वास? पोराचे डोळे लाल होतात. औषध जास्त मारतात तिथं."

इथं भूषण बोलला. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याला अडवायची सोय नाही. "उलट आहे. क्लोरीन घामात-लघवीत मिसळलं की क्लोरामाइन होतं, वास त्याचा. उग्र वास म्हणजे आंघोळ न करता उतरलेली मंडळी जास्त."

पिंट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नाना खूश.

"खूश होऊ नका. विहिरीत तेवढंही औषध नसतं. साचलेलं कोमट पाणी नाकात गेलं की मेंदूपर्यंत पोचणारा अमीबा असतो. 2024 मध्ये केरळात पोरं दगावली त्यानं. दुर्मीळ आहे, पण गाठलं की सुटका अवघड."

गिरणा नदीवर मात्र सगळ्यांचं एकमत. वाळू उपसलेल्या पात्रात कमरेइतक्या पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की तळच नाही. तिथं पट्टीचा पोहणाराही फसतो.

माझं विचाराल तर हे दोघं पाण्यावरून भांडत होते, काठावर कोण उभं आहे याचं कुणालाच पडलं नव्हतं. म्हणून विचारलं, "बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं?"

"पालथं घालून पोट दाबायचं," नाना म्हणाले. "आमच्या गावात एका पोराला कुंभाराच्या चाकावर फिरवलं होतं."

"वाचला?"

नानांनी कप खाली ठेवला.

भूषण हळू आवाजात म्हणाला, "पोट दाबलं की पोटातलं वर येतं नि श्वासनळीत जातं. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा. मग 30 वेळा छाती दाबायची, 2 श्वास, पुन्हा 30. दुसऱ्यानं 108 ला फोन. आणि पोहता येत नसेल तर उडी नाही. दोर फेका, धोतर फेका, रिकामा कॅन फेका."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नानाच म्हणाले, "छाती कुठं दाबायची, दाखव बरं."

भूषणनं टपरीतली साखरेची गोणी आडवी केली. नाना गुडघ्यावर बसले, मधोमध तळहात ठेवले नि मोजायला लागले. अकरावर टपरीवाला ओरडला, "नाना, गोणी फाटली तर पैसे घेईन!"

"बारा," नाना म्हणाले.