समितीला एक तरी खरी सही द्या

महापालिकेच्या शाळांचा विषय निघाला की परदेशातल्या मराठी मंडळींचा उत्साह ठरलेल्या वाटेने जातो. वर्गणी काढू, स्मार्ट टीव्ही देऊ, भिंती रंगवून घेऊ. राज्य सरकारने 2023 मध्ये दत्तक शाळा योजना आणली तेव्हाही तेच झालं. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत पाच वर्षांसाठी 2 कोटी किंवा दहा वर्षांसाठी 3 कोटी रुपयांच्या वस्तू-सेवा दिल्या, तर देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल, असं त्यात होतं. तिकडे महाराष्ट्रात ‘शाळा विकायला काढल्या’ म्हणून ओरड झाली, इकडे परदेशात ‘निदान कोणी पैसे तरी देतंय’ म्हणून टाळ्या पडल्या. भांडण पैशाचंच राहिलं. शाळा नेमकं कोणाचं ऐकते आणि पालकांच्या शाळा समितीच्या हातात काय आहे, हे कोणी विचारलंच नाही.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात तो प्रश्न 1988 मध्ये कायद्याने सोडवून पाहिला गेला. त्या कायद्याने शहरातल्या सरकारी शाळांना निवडून आलेली शाळा परिषद मिळाली. प्राथमिक शाळेत सहा पालक, वस्तीतले दोन रहिवासी, दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि मुख्याध्यापक, अशी तिची रचना. निवडणूक दर दोन वर्षांनी होते आणि मतदानाला नागरिकत्वाची अट नाही, म्हणजे व्हिसावर आलेला पालकही मत देतो. परिषदेच्या हातात मुख्य गोष्ट एकच: मुख्याध्यापक निवडणं आणि चार वर्षांच्या कराराअखेर त्याला ठेवायचं की नाही हे ठरवणं. बाकीचे अधिकार, म्हणजे अंदाजपत्रकाला मान्यता, सुधारणा आराखडा, वार्षिक मूल्यमापन, यांना वजन येतं ते या एका अधिकारामुळे. सभेची विषयपत्रिका 48 तास आधी लावावी लागते आणि सभेत कोणालाही बोलता येतं. सदस्यांना ठरावीक प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते सहा महिन्यांत पुरं केलं नाही तर सदस्यत्व धोक्यात येतं.

हे सगळं छान वाटतं, पण शिकागोचं गुणगान करायला बसलो तर निम्मं खोटं ठरेल. 1989 च्या पहिल्या निवडणुकीत उमेदवारांची झुंबड होती. आज अनेक शाळांत जागा भरण्याइतकीही नावं येत नाहीत. निकाल खालावून शाळा ‘देखरेखीखाली’ गेली की परिषदेचा मुख्य अधिकार कापला जातो, आणि अशा शाळा गरीब वस्त्यांतच जास्त. 2013 मध्ये सुमारे 50 शाळा बंद झाल्या, तेव्हा परिषदांनी कितीही ठराव केले तरी निर्णय वरच झाला. शिवाय उत्तरेकडच्या सधन वस्त्यांत पालकांच्या संस्था दरवर्षी लाखो डॉलर गोळा करतात आणि त्यातून जास्तीचे शिक्षक ठेवतात. दक्षिणेकडच्या शाळांना ते कुठून जमणार? आपल्या दत्तक योजनेचे पाठीराखे हे उदाहरण देत नाहीत. (आणि आपली बहुतेक मंडळी शिकागोबाहेरच्या नेपरव्हिल-शॉम्बर्गसारख्या उपनगरांत घरं घेतात ती शाळांची क्रमवारी बघूनच. तेव्हा शहरी शाळांवर उपदेश जरा बेतानेच करावा.)

महाराष्ट्रात कायदा काही कमी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. शाळा विकास आराखडाही तिनेच करायचा. प्रत्यक्षात पालकसभेत नावं आधीच ठरलेली असतात. हात वर होतात आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. समितीतली लोकप्रतिनिधीची खुर्ची तर मुंबई-पुण्यात मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं रिकामीच होती, कारण नगरसेवकच नव्हते.

समितीच्या हाती पैसे किती येतात तेही पाहू. समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान 101 ते 250 पटाला 50 हजार आणि 251 ते 1000 पटाला 75 हजार रुपये आहे. 220 मुलांच्या शाळेत हे वर्षाला माणशी 227 रुपये पडतात. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी, म्हणजे 5 हजार. दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला 500 रुपयांत फिनेल, साबण, झाडू आणि तुटलेली कडी. तेही अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि 31 मार्चच्या आत संपवायचे असतात. मग घाईघाईने रंग आणि फलक घेतले जातात. यावर उपाय साधा आहे. डिसेंबरच्या सभेतच पहिल्या पाच कामांची यादी क्रमाने ठरवावी, प्रत्येकासाठी तीन दरपत्रकं घेऊन फाइलला लावावीत आणि पैसे जमा झाले त्याच आठवड्यात पहिलं काम सुरू करावं.

मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार महाराष्ट्रात आणा, असं मी म्हणणार नाही. सेवाज्येष्ठता आणि बदल्यांच्या चौकटीत तो बसत नाही. बसवायला गेलात तर दहा वर्षं कोर्टात जातील. पण एक सही देता येईल: साफसफाईच्या ठेकेदाराचं मासिक देयक त्या शाळेच्या समितीच्या सहीशिवाय निघू नये. शिकागोने 2014 मध्ये सफाईचं व्यवस्थापन खासगी कंपन्यांकडे दिलं, तेव्हा करार मुख्यालयाने केला आणि अस्वच्छ वर्गांच्या तक्रारी मुख्याध्यापकांनी ऐकल्या. पैसे थांबवायचा अधिकार शाळेत कोणाकडेच नव्हता. आपल्याकडे ही सही द्यायची तर सोबत एक पानाचा तक्ता हवा: प्रत्येक शौचालयात पाणी, आतून कडी, कचऱ्याचा डबा, हात धुवायला साबण. दर सोमवारी दोन सदस्यांनी, त्यातली एक आईच, सुट्टी संपल्यावर फिरून खुणा कराव्यात. सकाळी फिरू नये, तेव्हा सगळं नुकतंच धुतलेलं असतं. ठेकेदार सदस्याला ‘सांभाळून’ घेईल हा धोका आहेच, म्हणून तक्ता फाटकाशी लावावा आणि जोड्या दर महिन्याला बदलाव्यात.

निव्वळ सभांनी काही होत नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 2005-06 मध्ये संशोधक अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगून पाहिले. शाळेच्या कारभारात लोकांचा सहभाग वाढला नाही. जिथे गावातल्याच तरुणांना वाचन शिकवायचं थोडं प्रशिक्षण दिलं, तिथे मुलं वाचू लागली. अशी रीत मुंबईने त्याआधीच शोधली होती. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली 15 ते 20 मुलं रोज दोन तास वेगळी बसवून ती वाचन आणि अंक पक्के करून घ्यायची. तेव्हाचं मानधन महिन्याला 500 ते 750 रुपये होतं. गुणांत फरक स्पष्ट दिसला, पण मुलं कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला. म्हणून एका वर्षाची देणगी देऊन फोटो काढू नका, सलग तीन वर्षांचं मानधन बाजूला ठेवा. स्मार्ट टीव्हीचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे: पासवर्ड ज्या शिक्षकाकडे असतो त्याची बदली होते, हमी संपते आणि पडद्यावर कापडी झाकण चढतं.

पैसे पाठवण्याआधी पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकी पासपोर्ट घेतला असेल, मग मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि परकीय देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते. 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. म्हणून बालसखी स्वतः नेमणारी नोंदणीकृत संस्था आधी शोधावी लागते, आणि ‘आमच्याकडे पाठवा, आम्ही शाळेला पोचवतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला नाही म्हणावं लागतं.