रील काढा म्हणे!

पुण्यातल्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सअॅप गटावर सध्या एकच वाद. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर्स थकल्या, व्रत घ्यायला नव्या मुली येत नाहीत, तेव्हा सिस्टर्सच्या संघाने इन्स्टाग्रामवर उतरावं, रील काढाव्यात. त्यात कुणीतरी ठोकून दिलं, "अमेरिकेसारखं आपलं व्हायला नको."

अमेरिकेसारखं म्हणजे? न्यूयॉर्कच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी 1817 पासूनच्या. 2023 मध्ये त्यांनी एकमताने ठरवलं, यापुढे नवी सदस्य घ्यायची नाही. ठरवलं तरी! आपल्याकडे असा विषय काढला तरी अपशकुन.

बरं, रील पाहून मुलीने फोन केला. उचलणार कोण? पाचारणाचं काम, म्हणजे सिस्टर होऊ पाहणाऱ्या मुलींशी बोलण्याचं, बहुतेक मुख्याध्यापिका सिस्टरच्याच गळ्यात, आणि जूनमध्ये तिला प्रवेशांतून डोकं वर काढता येत नाही. म्हणजे आधी एक सिस्टर त्या एकाच कामासाठी मोकळी करायला हवी.

त्याच्याही आधी घरचा हिशेब. कोण किती वर्षांची, दहा वर्षांनी किती जणी स्वतःच्या पायांनी जिना चढतील, औषधपाण्याची ठेव वेगळी काढली आहे का. तीन घरांत दोन-दोन जणी असतील तर सहाही जणींना एका घरात आणा, शक्यतो तळमजल्यावर. हे टाळलं की नवी मुलगी थेट शुश्रूषेला जुंपली जाते. नोव्हिशिएटचे, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीचे, किमान 12 महिने घडणीसाठीच राखून ठेवायला धर्मसभेचा कायदा सांगतो. त्या काळात तिला भलती कामं देता येत नाहीत. पुढे तात्पुरत्या व्रतांची किमान 3 वर्षं. कायमच्या व्रतांपर्यंत चार वर्षं तर सहज जातात, आणि तिथवर रील पुरत नाही.

तीन दिवसांचं खेळ-गाण्यांचं शिबिरही नको. दर गुरुवारी संध्याकाळी सातला दार उघडं ठेवा, अर्धा तास मराठीत प्रार्थना, मग चहा. शनिवार पेठेत जेझुइट धर्मगुरूंचं स्नेहसदन हे संवादकेंद्र उभं राहू शकतं, तर सिस्टर्सच्या घरात प्रार्थना इंग्रजीतच का? खराडीच्या आयटीतली मुलगी पहिल्या दोन वेळा नुसती बसेल. तिला काही विचारू नका. चौथ्या खेपेला तीच विचारेल, "पगार कुठे जातो? आईला पैसे पाठवता येतील का?" पगार संघाचा, हे तिला तिथेच स्पष्ट सांगा. नोव्हिशिएटमध्ये कळलं तर ती जाईल, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

आम्ही आता अमेरिकेत. इथे डिसेंबरात निवृत्त व्रतस्थांसाठी चर्चमध्ये वर्गणी होते, 1988 पासून. वीस डॉलर पाकिटात टाकून आम्ही मोकळे. पुण्याच्या ज्या सिस्टर्सनी आम्हाला शिकवलं त्यांच्या औषधांचं कोण बघतं, हे आम्हा परदेशस्थांपैकी कुणी विचारत नाही. गटावर सर्वात लांबलचक सल्ला मात्र आमचाच. आणि पाचारणासाठी प्रार्थना करतो तीही दुसऱ्याच्या मुलीसाठी. हे सगळं गटावर टाकलं तर पहिला प्रश्न येईल, तुमची मुलगी यंदा काय करते? ती बोस्टनला डेटा सायन्स करते.