मागनं येणाऱ्याचं भ्या

आज सकाळी सायकलच्या ग्रुपवर रविवारच्या राइडचा मेसेज पडला. पुणे हायवेने मोहोळच्या पुढं जाऊन परत, शंभर किलोमीटर, निघायचं पहाटे साडेचारला. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'महिला व नवशिक्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर यावे, हायवेला ट्रॅफिक असते.' त्याखाली अंगठेच अंगठे.

डबे भरता भरता वाचलं आणि डोकं सटकलं. बाकीचे कुणाच्या जबाबदारीवर येतात हो? मागून येणारा ट्रकवाला बघून ठरवतो का, की हा पुरुष आहे, हेल्मेट भारीचं आहे, चार मेडल मिळवलीत, याला जरा जागा सोडू?

मेसेज टाकणारा माणूस वाईट नाही. माझं पंक्चर त्यानेच दोनदा काढून दिलंय आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. राग त्याचा नाही. राग याचा आहे की सायकल म्हटली की हायवे, हे आपण सगळ्यांनी धरूनच चाललोय. सोलापुरातून बाहेर पडायचं तर पुणे रोड, विजापूर रोड, तुळजापूर रोड, अक्कलकोट रोड. सगळे रुंद, सगळे गुळगुळीत, आणि गाड्यांच्या वेगात सायकलचा विचार कुठेच नाही. त्यात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी एवढी मोठी गाणी की तुम्ही ओरडून मेलात तरी त्याला पत्ता नाही. तिथे पहाटे साडेचारला अंधारात जायचं आणि त्याला फिटनेस म्हणायचं.

आता माझ्या जाऊबाईंचं सांगते. त्या मंगळवेढ्याच्या. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या ज्वारीचं माहेर, तो तोरा आहेच. लहानपणी वडिलांच्या काळ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकलेल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि सायकल सुटली. मी गिअरची सायकल घेतली तेव्हा अंगणात एक चक्कर मारून बघितली, हसल्या, आणि उतरल्या. म्हटलं, चला की माझ्याबरोबर. तर म्हणाल्या, "अगं, मला पडायचं भ्या नाही. मागनं येणाऱ्याचं भ्या वाटतंय."

गेल्या हुरड्याच्या दिवसांत त्यांना माझ्या माहेरी घेऊन गेले, मोहोळ तालुक्यात. भावाने दोन्ही सायकली गाडीवर बांधून आणल्या. गावाबाहेर उजनीचा कॅनॉल आहे आणि त्याच्या कडेने मुरमाचा रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्येच ज्वारी, मध्येच कुणाचं डाळिंब. कॅनॉल असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. पाण्याला जेवढा उतार लागतो तेवढाच. जाऊबाई पहिली दहा मिनिटं मागे वळून वळून बघत होत्या. मग वळायचं थांबलं. मग त्या माझ्या शेजारी आल्या आणि बोलायला लागल्या.

शेजारी. हेच मला सांगायचंय, बाकी सगळं पाल्हाळ आहे. हायवेला तुम्ही एकामागे एक असता, पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, कान मागे लावून. बोलणं म्हणजे "खड्डा!" आणि "ट्रक!" एवढंच. त्या कॅनॉलवर आम्ही दोघी शेजारी-शेजारी चाललो होतो आणि समोरून आली फक्त दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल. एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली आम्ही. त्या दिवशी जे बोलल्या ते कधी बोलल्या नव्हत्या. काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही.

तुमच्यातले बरेचजण दरवर्षी डिसेंबरात कोकणात सायकली घेऊन जाता. तवसाळहून फेरीबोटीत सायकल चढवायची, जयगडला उतरायचं, गणपतीपुळे, आरे-वारे, समुद्र डाव्या-उजव्या हाताला. फोटो बघून मीही लाइक करते. पण का जाता? समुद्रासाठी जाता, होय की. पण त्याहून जास्त जाता ते गाड्या कमी असतात म्हणून, हे कबूल करा. आता रेवस-रेडी मार्गावर खाड्यांवर पूल होणार आहेत. मग तिथेही मागनं येणारे वाढतील. तेव्हा कुठे जाणार?

परदेशातले व्हिडिओ बघायची मला वाईट सवय आहे. आयर्लंडमध्ये वॉटरफर्ड ते डंगारवन असा ४६ किलोमीटरचा रस्ता आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. २०१७ साली खुला झाला. बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरच केलाय. जुने पूल, एक लांब बोगदा, आणि शेवटी शेवटी समुद्र. न्यूझीलंडमध्ये ओटागोतही तसाच, १५२ किलोमीटर, तोही जुन्या रेल्वेचा. यातली गंमत अशी की रेल्वेला चढ चालत नाही, त्यामुळे जुन्या लाइनवर कुठल्याही वयाच्या पायांना झेपेल एवढाच चढ मिळतो. म्हणजे जाऊबाईंना चालेल असा.

आणि जुनी रेल्वे आपल्याकडे नाही का? अख्ख्या जिल्ह्याला माहीत असलेली बार्शी लाइट! १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची. पुढे एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूर करत मिरजेपर्यंत गेली. माझे आजोबा तिच्याबद्दल असं बोलायचे जणू घरातलीच म्हैस, हळू पण आपली. ब्रॉडगेज झालं तेव्हा लातूरकडची लाइन धाराशिव शहराला जोडायला वळवली. म्हणजे त्या बाजूला जुनी वाट काही ठिकाणी तशीच मोकळी राहिली असणार. त्यावर कुणी सायकलची वाट करायचं बोललंय का? उड्डाणपूल मागणारे पुष्कळ भेटतात. वाट मागणारा एक भेटत नाही.

पैसे नाहीत म्हणू नका. पालखी मार्ग रुंद करताना वारकऱ्यांना चालायला कडेने वेगळी वाट ठेवायची हे ठरलंच ना? २०२१ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. कुणी म्हणालं का, की माउलींच्या माणसांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालावं? पायी चालणाऱ्याला गाडीपासून वेगळं ठेवायला पाहिजे हे आपल्याला कळतं. चांगलं कळतं. वर्षातून एकदा कळतं.

बरं, हायवेने पुणं चार तासांवर आणलं, कबूल. भाच्याला रात्रीत पुण्याला हलवायची वेळ आली तेव्हा मीही त्याच हायवेला हात जोडले होते. आणि कॅनॉलचा रस्ता पाटबंधारे खात्याचा, कॅनॉलला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं आणि पाय घसरला तर वर काढायला कुणी नाही, हेही खरं. पोहता न येणाऱ्या पोरांना तिथे एकटं सोडू नका. झालं समाधान?

पण एवढं सांगून गप्प बसणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे. शेतकऱ्याला त्याच्या रानात जायला वाट पाहिजे, ती व्हायलाच पाहिजे. मग त्याच वाटा गावागावांना जोडत गेल्या, मुरूम नीट दाबला, फाट्यावर एक पाटी लावली, तर नान्नजच्या माळरानापर्यंत हायवेला चाक न लावता जाता येणार नाही का? डांबर नको. डांबर टाकलं की बुलेट आल्याच. फार तर वेड्या बाभळीचा काटा घुसेल. पंक्चर काढता येतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. जाऊबाई आत्ताच स्वयंपाकघरातून विचारून गेल्या, एवढं काय टाइप करतेस. म्हटलं, तुमच्याबद्दलच. "माझा फोटो टाकू नको," म्हणाल्या. टाकलेला नाही. पण परत येताना त्यांनी ज्या वेगाने मला मागे टाकलं आणि कॅनॉलच्या मोरीवर थांबून "दमलीस काय गं?" असं विचारलं, ते मी सगळ्यांना सांगणार आहे.

ग्रुपमधल्या मंडळींना राग आला असेल तर येऊ दे. रविवारी मी येणार नाही. तुम्ही नीट जा, मागे दिवा लावा, ट्रॉलीच्या डाव्या बाजूने ओव्हरटेक करू नका.

आणि बार्शी, येडशी, ढोकी भागातलं कुणी हे वाचत असेल तर एवढं सांगा: जुन्या लाइनचा भराव तुमच्याकडे सलग कुठून कुठपर्यंत शिल्लक आहे? मधले पूल उभे आहेत का? कुणाच्या रानातून वाट जात असेल तर मालक जाऊ देतील का? आधी चालत बघून येऊ, सायकली नंतर. कमेंटमध्ये लिहा नाहीतर मेसेज करा. फक्त 'हायवेने या, लवकर पोहोचाल' असं कुणी लिहू नका.